मुखाचें अस्तर

आपल्या पूर्वजांनीं देहाला नऊ दरवाजांच्या नगराची उपमा दिली आहे. या नऊ दरवाजांत सर्वांत अधिक वर्दळ कोणत्या दरवाजावर, असें विचारलें तर शाळेंतील लहान मूलहि तोंडाकडे बोट दाखवील. सकाळच्या कढत चहापासून रात्रींच्या दुधापर्यंत या वाटेनें काय आंत येत नाहीं? कडक भाकरीचा पापुद्रा येतो, लिंबाचा रस येतो, मिठांत मुरलेली कैरीची फोड येते, श्वासाबरोबर रस्त्यावरची धूळहि येते. लोणच्याचा खार तोंडांत घोळवून आपण आणखी एक फोड मागतों. परंतु ज्या दिवशीं तोंड आलेलें असतें, त्या दिवशीं तीच फोड डोळ्यांत पाणी आणते. यावरून एवढें उघड होतें कीं, एरव्हींच्या दिवशीं खार आणि शरीर यांच्यामध्यें कांहीं तरी आडवें उभें असतें, आणि तोंड येतें त्या दिवशीं त्यास कोठें तरी भगदाड पडलेलें असतें.

आतां याच्या उलट एक अनुभव पाहा. पुष्कळ घरांत एखाद्या वडील माणसाच्या उशाशीं औषधाची एक लहानशी बाटली ठेविलेली असते. छातींत कळ आली कीं तींतील गोळी जिभेखालीं धरावयाची. गिळावयाची नाहीं, चावावयाची नाहीं. दोन-तीन मिनिटांत तिचा गुण हृदयापर्यंत जाऊन पोंचतो. जें अस्तर मिठाला व आंबटाला दिवसभर दाद देत नाहीं, तेंच या गोळीला इतक्या तत्परतेनें वाट कशी देतें? भिंत आहे म्हणावें तर औषध पार होतें. भिंत नाहीं म्हणावें तर लोणचें खातां येऊं नये. या कोड्याचा उलगडा शास्त्रज्ञांनीं गेल्या साठ वर्षांत पुष्कळ अंशीं केला आहे. तो नुसता मनोरंजक असता तरीहि आम्ही तो वाचकांपुढें ठेविला असता. पण तो आपल्या घराघरांतील एका जुन्या व मानाच्या संवयीशीं येऊन भिडतो, म्हणून या महिन्याच्या सदरांत त्यास जागा दिली आहे.

तोंडाच्या आंतील ओली, गुलाबी त्वचा आपण रोज आरशांत पाहतों. वैद्यकांत तिला श्लेष्मल त्वचा म्हणतात. अंगरख्याला जसें अस्तर, तसें हें मुखाला. तें एकपदरी नाहीं. गालाच्या आंतल्या बाजूस पेशींचे सुमारें चाळीस ते पन्नास थर एकावर एक रचलेले असतात, आणि तरीहि त्या सर्वांची मिळून जाडी एक मिलिमीटरहि भरत नाहीं. अगदीं तळच्या थरांत नव्या पेशी जन्मास येतात. खालून नव्यांचा रेटा आला कीं जुन्या वर सरकतात, सरकतां सरकतां चपट्या होतात, आणि शेवटीं पृष्ठभागावरून सुटून लाळेबरोबर पोटांत जातात. बाहेरच्या कातडीपेक्षां हें चक्र पुष्कळ जलद चालतें. कढत चहानें पोळलेली जीभ थोड्याच दिवसांत पूर्ववत् होते, ती यामुळेंच. एक मिलिलिटर लाळेंत जंतूंची संख्या दहा कोटींच्या घरांत असते. वरची पेशी सुटून जातांना आपल्या अंगास चिकटलेले असे जंतूहि बरोबर घेऊन जाते. म्हणजे झिजणें हाच येथें संरक्षणाचा एक प्रकार आहे.

परंतु भिंतीची परीक्षा नुसत्या विटांवरून होत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं जाणता गवंडी घराभोंवतीं फिरतो, तो विटा मोजीत नाहीं, दरजा पाहतो. पाणी शिरावयाचें तें तेथून शिरतें. पेशींचेंहि असेंच आहे. पेशीचा स्वतःचा पडदा स्निग्ध द्रव्याचा असल्यामुळें पाण्यांत विरघळलेले पदार्थ त्यांतून सहसा पार होत नाहींत. मग त्यांस उरतात त्या दोन पेशींमधल्या फटी. या फटी बुजविल्या आहेत कशा, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें पुष्कळ काळ तसाच होता. साध्या सूक्ष्मदर्शकाची दृष्टि मिलिमीटरच्या पांचहजाराव्या भागाच्या खालीं चालत नाहीं, आणि ही फट त्याच्याहि दहाव्या हिश्शाएवढी. जुन्या निरीक्षकांस पेशींच्या माथ्याशीं एक बारीक काळी रेघ तेवढी दिसे. ती कोणत्या तरी लुकणाची असावी, असा त्यांचा तर्क होता.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हातीं आल्यावर हा तर्क मागें पडला. मॅरिलिन फारकर आणि जॉर्ज पालाडे या दोघां संशोधकांनीं अमेरिकेंत १९६३ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. उंदीर व गिनीपिग यांच्या अनेक अवयवांचीं अस्तरें त्यांनीं तपासलीं होतीं. त्यांस असें आढळलें कीं, त्या काळ्या रेघेच्या जागीं लुकण मुळींच नाहीं. तेथें तीन निरनिराळ्या तऱ्हेचे सांधे एकाखालीं एक आहेत. त्यांतील सर्वांत वरच्या सांध्यांत शेजारशेजारच्या पेशींच्या पडद्यांचे बाहेरचे पदर एकमेकांत मिळून गेलेले असतात, आणि मध्यें फट म्हणून उरतच नाहीं. हा सांधा पेशीच्या गळ्याभोंवतीं पट्ट्यासारखा सबंध फिरलेला असतो. त्यास त्यांनीं लॅटिनांत 'झोन्युला ऑक्लुडेन्स' असें नांव दिलें. झोन्युला म्हणजे लहानसा कंबरपट्टा, आणि ऑक्लुडेन्स म्हणजे बंद करणारा. आपण त्यास रोधमेखला म्हणूं. इंग्रजींत रूढ झालेलें नांव 'टाइट जंक्शन', म्हणजे घट्ट सांधा. पालाडे यांस पुढें १९७४ सालीं त्यांच्या पेशीविषयक कार्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. त्यामुळें हें वाचतांना आम्हांस संधिप्रकरण आठवलें. 'तथा' आणि 'अपि' हे दोन शब्द नुसते जवळ ठेविले तर मध्यें फट राहते. पण आ आणि अ यांचा मिळून एकच आ झाला कीं 'तथापि' हा शब्द सलग होतो, आणि दोघांमध्यें बोट शिरकविण्यास जागा उरत नाहीं. शेजारच्या पेशींनीं केलेला हा असाच दीर्घसंधि होय.

याच निबंधांत वर्णिलेला दुसरा एक सांधाहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तो फट बुजवीत नाहीं. ठिकठिकाणीं गुंडी लावावी तसा दोन पेशींस एकमेकींशीं जखडून ठेवितो. त्यास डेस्मोसोम म्हणतात. यांतील ग्रीक 'डेस्मॉस' म्हणजे बंधन. त्याचा धातु आणि आपल्या 'दामन्' म्हणजे दावें या शब्दाचा धातु मुळांत एकच. यशोदेनें ज्याच्या उदराला दावें बांधलें तो दामोदर, त्या नांवांतला दाम हाच. घांस चावतांना गाल व हिरड्या यांवर जो ताण पडतो तो या गुंड्यांच्या बळावर सोसला जातो. पेम्फिगस नांवाच्या एका विकारांत शरीर आपल्याच या गुंड्यांच्या द्रव्यावर उलटतें. गुंड्या सुटतात, पेशी एकमेकींपासून अलग होतात, आणि त्वचेवर फोड येतात. या रोगाचें पहिलें दर्शन पुष्कळ वेळां तोंडांतील न भरणाऱ्या व्रणांच्या रूपानें होतें. सांधे सुटले कीं पेशी कितीहि धडधाकट असल्या तरी अस्तर उरत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण नाहीं.

रोधमेखला कोणत्या द्रव्याची बनलेली आहे हें कळण्यास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं. तो शोध जपानांत लागला. शोइचिरो त्सुकिता व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं ऑक्लुडिन हें प्रथिन ओळखलें, आणि १९९८ सालीं क्लॉडिन नांवाचीं प्रथिनें. लॅटिनांत 'क्लॉडेरे' म्हणजे मिटणें. मनुष्याच्या शरीरांत या क्लॉडिन प्रथिनांचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत; आणि कोणत्या अवयवांत कोणता प्रकार वापरला आहे यावर त्या अवयवाचे सांधे किती घट्ट हें ठरतें. पुष्कळ थरांच्या त्वचेंत या मेखलेचें काय काम, अशी पूर्वीं शंका होती. २००२ सालीं याच मंडळींनीं ती दूर केली. ज्या उंदरांत जन्मतःच पहिल्या क्रमांकाचें क्लॉडिन नव्हतें, तीं पिलें दिसण्यांत धड असूनहि त्वचेंतून पाणी निघून गेल्यामुळें जन्मल्यापासून एका दिवसाच्या आंत मेलीं. मुखाच्या अस्तरांतहि हीं प्रथिनें असतात, आणि मुख्यत्वेंकरून वरच्या थरांत.

मात्र मुखाचा सर्व भार या मेखलेवर नाहीं. आंतड्याचें अस्तर एकाच थराचें असल्यामुळें तेथें मेखला हाच मुख्य अडसर. मुखांत थर अनेक, म्हणून व्यवस्थाहि अनेक पदरी. वरच्या थरांकडे सरकत असतां पेशींच्या पोटांत स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म कणिका तयार होतात. योग्य उंचीवर आल्यावर पेशी त्या बाहेरच्या फटींत रित्या करते. गवंडी दरजांत चुना भरतो तशी ही स्निग्ध भरणी होय. मुखाच्या अस्तरांतील प्रमुख अडसर हाच, असें संशोधकांचें मत आहे. त्यावर लाळेचा बुळबुळीत पातळ लेप असतो. दिवसाकाठीं अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती खार-आंबट पातळ करते, जंतूंस वाहून नेते, आणि त्यांस धरून ठेवणारीं द्रव्येंहि तींत असतात.

हें अस्तर सर्वत्र सारखें नाहीं, आणि आमच्या कोड्याची किल्ली येथेंच आहे. टाळूचा पुढचा कठीण भाग व हिरड्या यांवर घांसाचा प्रत्यक्ष मारा; तेथील वरचा थर तळहाताच्या कातडीसारखा निबर केलेला आहे. गालाचें अस्तर मऊ व ताणलें जाणारें. जिभेखालची भूमि सर्वांत पातळ. गालाच्या अस्तराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच तिची जाडी, आणि तिच्या लगत खालीं रक्तवाहिन्यांचें दाट जाळें. त्यामुळें पदार्थ पार होण्यास जिभेखालची जागा सर्वांत सुलभ, त्याखालोखाल गाल, आणि टाळू सर्वांत कठीण. किल्ल्याचा तट जेथें शत्रूचा मारा येतो तेथें रुंद बांधतात, आणि कड्याच्या बाजूस एखादी दिंडी ठेवितात, तसेंच हें.

ही दिंडी प्रथम कळली ती अपघातानें. अस्कानिओ सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञानें १८४७ सालीं ट्यूरिन येथें नायट्रोग्लिसरिन हें स्फोटक द्रव्य तयार केलें. तें किंचित् जिभेवर ठेविलें असतां डोकें भयंकर दुखूं लागतें, हें त्यानें नमूद करून ठेविलें. गिळण्याच्या आधींच तें द्रव्य मुखाच्या अस्तरांतून रक्तांत उतरून रक्तवाहिन्या फुगवीत होतें. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनीं त्याच्या अत्यल्प मात्रा स्वतःवर व रोग्यांवर आजमावून १८७९ सालीं हृदयशूलावरील औषध म्हणून तें पुढें आणलें. तीच आज उशाशीं असलेली गोळी. ती गिळली तर यकृत तिचा बराचसा भाग वाटेंतच निकामी करतें. जिभेखालच्या शिरांचें रक्त मात्र यकृताकडे न जातां सरळ हृदयाकडे जातें. म्हणून वैद्याची ताकीद अक्षरशः पाळावी.

मग मीठ व आंबट यांस ही दिंडी कां उघडत नाहीं? कारण स्निग्ध भरणींतून पार होण्याचा अधिकार लहान व स्नेहांत विरघळणाऱ्या कणांनाच आहे. नायट्रोग्लिसरिन तसें आहे. मीठ व आम्लें हीं पाण्यांत विरघळून विद्युद्भारित झालेलीं असतात, तीं बाहेर अडतात. इन्शुलिनाचा कण तर फार मोठा. म्हणून तें जिभेखालीं ठेवून भागत नाहीं, टोंचूनच घ्यावें लागतें. मिरचीचें तिखट द्रव्य मात्र स्नेहांत विरघळणारें आहे. तें या भरणींतून आंत उतरून मज्जातंतूंपर्यंत जातें, म्हणून तोंड भाजल्यासारखें होतें. तोंड भाजल्यावर पाणी पिऊन कांहीं होत नाहीं, दूध किंवा दहीं घेतलें कीं उतार पडतो, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव आहे. त्याचें कारण हेंच.

या तटाचा दुबळा कोपरा कोठें आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. दांत ही कठीण वस्तु अस्तर फोडून वर आलेली. दांताच्या मुळाशीं हिरडी ज्या अरुंद पट्टीनें त्यास चिकटलेली असते, त्या पट्टींतील पेशींचे सांधे विरळ व फटी रुंद असतात. रक्तांतील श्वेतपेशी याच फटींतून सतत बाहेर पहाऱ्यास येतात. पण जी वाट पहारेकऱ्यास तीच चोरासहि. हिरड्यांच्या जुनाट रोगांत आढळणारा एक जंतु असा आहे कीं तो सांध्यांचीं प्रथिनें कुरतडणारे पाचक रस सोडतो. डेन्मार्कमधील आर्हुस येथें हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं एक सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनीं दांत घांसणें सर्वस्वीं बंद केलें. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां घांसणें सुरू केल्यावर सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. रात्रीं निजण्यापूर्वीं मुलांस दांत घांसावयास लावणें ही आईची कटकट नसून तटाच्या दुबळ्या कोपऱ्यावरची गस्त आहे, हें मुलांस समजावून सांगावें.

आतां त्या मानाच्या संवयीकडे वळतों. तंबाखू खाणारा मनुष्य ती तळहातावर चुन्याशीं मळून मगच तोंडांत कां धरतो? चव लागते, असें तो म्हणेल. खरें कारण रसायनाचें आहे. तंबाखूंतील निकोटिन साध्या लाळेंत बहुतांशीं विद्युद्भारित असतें, म्हणून मिठाप्रमाणेंच तें अस्तराबाहेर अडतें. चुन्याच्या क्षारानें त्याचा तो भार उतरतो. मग तें स्नेहांत विरघळूं शकतें, आणि गालाच्या अस्तरांतून रक्तांत जातें. म्हणजे चुना हा फितूर किल्लेदार. तंबाखू दाबून ठेवण्याच्या जागाहि पाहा. खालचा ओंठ व गाल यांच्यामागची खोबण. मऊ अस्तराची नेमकी जागा अनुभवानें शोधून काढलेली. मद्यानेंहि अस्तराचा अडसर शिथिल होतो, आणि तंबाखूस मद्याची जोड मिळाली म्हणजे धोका बेरजेनें नव्हे, गुणाकारानें वाढतो.

तंबाखू वाईट, हें आज कोणीहि सुशिक्षित मनुष्य कबूल करील. अडचण येते ती सुपारीची. ती जेवणाच्या तबकांत असते, लग्नाच्या आमंत्रणांत असते, आल्यागेल्याच्या आदरांत असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८५ सालीं तंबाखूयुक्त विडा, आणि २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तंबाखूविरहित विडा व खुद्द सुपारी, यांस मनुष्यास निश्चितपणें कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गांत घातलें आहे. १९५२ सालीं पूर्व आफ्रिकेंतील पांच हिंदी स्त्रियांत, आणि १९५३ सालीं मुंबईच्या डॉ. जोशी यांच्या लेखांत, एका विकाराचें वर्णन आलें. त्यांत अस्तराखालचा मऊ भाग हळूहळू तंतुमय व ताठ होत जातो, तिखट सोसेनासें होतें, आणि शेवटीं आपल्याच हाताचीं तीन बोटें उभीं तोंडांत मावेनाशीं होतात. या विकाराचें मुख्य कारण सुपारी, हें पुढें सिद्ध झालें. यांतून पुढें कर्करोगहि उद्भवतो. भारतांतील पुरुषांच्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग अगदीं आघाडीवर आहे.

येथें कोणी वडील मंडळी म्हणतील, 'आम्ही पन्नास वर्षें विडा खात आलों. तोंडास साधा फोडहि नाहीं.' या बोलण्यांत जो विश्वास आहे त्याचें मूळ आम्हांस अस्तराच्या गुणांतच दिसतें. अस्तर काहीं आठवड्यांत नवें होतें. चुन्यानें पोळलेलें आज दिसतें, पुढल्या पंधरवड्यांत दिसत नाहीं. मनुष्य आरशांत पाहतो आणि समजतो कीं, झालें गेलें भरून आलें. परंतु जें द्रव्य एकदां भरणींतून पार होऊन तळाशीं गेलें, तें जेथें नव्या पेशी जन्मास येतात त्या थरापाशीं आपलें काम करीत राहतें. वरचा थर विसरतो. तळचा थर विसरत नाहीं. अस्तराची ही क्षमाशीलता हाच त्याचा मोठा गुण, आणि माणसाची फसवणूक होते ती याच गुणामुळें.

परंपरेचा आधारहि येथें पुरत नाहीं. सुभाषितकारांनीं विड्याचे तेरा गुण मोजले आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. आम्हीं तें सुभाषित वर्गांत शिकविलेंहि आहे. पण त्या विड्यांत तंबाखू नव्हती. ती अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, तिला सुभाषितांत स्थान कोठून असणार? आणि ज्यांनीं तेरा गुण पाहिले त्यांजपाशीं तळच्या थरांत डोकावण्याचें साधन नव्हतें. चौदावी गोष्ट आज कळली आहे, आणि ती तेराही गुणांहून जड आहे. पूर्वजांचा मान राखणें म्हणजे त्यांनीं जितकें पाहिलें तितकेंच पाहणें नव्हे. पूजेंतील सुपारी ताम्हनांत अवश्य असावी. तिच्या ठायीं गणपतीचें आवाहन करावें. ती चघळलीच पाहिजे असा विधि नाहीं. विड्याच्या पानावर त्या संस्थेनें हा दोष ठेविलेला नाहीं. दोष सुपारीवर व तंबाखूवर आहे.

एकत्र कुटुंबांत ही गोष्ट बोलावयाची कोणीं, हा खरा प्रश्न आहे. सुनेनें मामंजींस सांगावें तर मर्यादा आड येते. नातवाला तर आजोबा पान आणावयास पाठवितात. तो तें आणतो, आणि वाटेंत सुपारीचा एक तुकडा आपल्याहि तोंडांत टाकतो. आमचें मत असें कीं, हें घरांतील सर्वांत वडील माणसानें स्वतः बोलावें, आणि शक्य तर आचरणानें बोलावें. जेवणानंतरच्या तबकांत बडीशेप, वेलदोडा, लवंग, आवळकाठी ठेवावी. अडकित्ता कपाटांत जाऊं द्यावा. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली खरी. पण घरच्या अडकित्त्यावर पहारा सरकारनें ठेवावा कसा? तो आपल्यालाच ठेविला पाहिजे. मिशरी लावणाऱ्या स्त्रियांसहि हेंच सांगणें आहे. दांत स्वच्छ करण्यास म्हणून लावलेली ती भाजकी तंबाखूच होय, आणि स्वयंपाकास किंवा धुण्यास येणारी बाई ती लावीत असेल तर तिलाहि घरांतील गृहिणीनें मायेनें समजावावें.

उरलेल्या सूचना साध्या आहेत. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली चाल उत्तम आहे. ती मुलांनीं शाळेच्या डब्यानंतरहि पाळावी. वाग्भटानें तोंड गच्च भरून स्थिर धरावयाचा तो गंडूष, आणि हालविण्यास जागा ठेवून भरावयाचा तो कवल, असा भेद केला आहे. रोजच्या धुण्यास आपली हालती चूळ बरी. वृद्धांचें तोंड पुष्कळ वेळां औषधांमुळें कोरडें पडतें. लाळ कमी झाली कीं अस्तरावरचा लेप जातो. अशा वेळीं वैद्यास सांगावें, व पाण्याचे घोट वरचेवर घ्यावे. तुटक्या दांताची धार किंवा कवळीची कड एकाच जागीं घांसत असेल तर ती लगेच नीट करवून घ्यावी.

आणि महिन्यांतून एकदां घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें उजेडांत आरसा घेऊन आपलें तोंड पाहावें. गाल ओढून पाहावेत, जीभ वर उचलून खालची बाजू पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, हातास लागणारी गांठ, किंवा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला, मग तो दुखत नसला तरीहि, दंतवैद्याकडे किंवा डॉक्टराकडे जावें. अस्तराचा धर्म लौकर भरून येण्याचा आहे. तें भरून येत नसेल, तर खालीं कांहीं तरी बिघडलें आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा. मुखाचा कर्करोग लौकर ओळखला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. उशीर केला तर ती झपाट्यानें कमी होते. ज्या घरांत वडील माणसें सोवळ्याओवळ्याचा इतका बारीक विचार करतात, त्या घरांत हा पांच मिनिटांचा आरसा कोणास जड वाटूं नये.